ओळ एक्केचाळीस ते चव्वेचाळीस

शके १९६४, इसवी सन २०४३ च्या मार्च महिन्याची पहिली तारीख, वार रविवार, सकाळचे साडेसात. स्थळ, चंद्रपूर जिल्ह्यातील सिंदेवाही येथील एका बंद पडलेल्या भातगिरणीचे गोदाम. त्या दिवशी तेथे अकरा मुले-मुली जमली होती. प्रत्येकाच्या डाव्या मनगटावर करड्या रंगाचे, बोटभर रुंदीचे एक कडे होते आणि त्यातला तांदळाच्या दाण्याएवढा दिवा हिरवा होता. त्या हिरव्या ठिपक्याकडे कोणी पाहत नव्हते. चार उन्हाळ्यांपूर्वी ही कडी पहिल्यांदा वाटण्यात आली, तेव्हा लोक बोलता बोलता मनगटाकडे पाहत. आता मनगट थरथरले तरच पाहत.

शासकीय कागदपत्रांत त्याचे नाव ‘तापकंकण’ असे होते. ते त्वचेचे तापमान मोजी, नाडी मोजी, आणि या दोहोंवरून शरीराच्या आत उष्णता साचत चालली आहे की काय याचा अंदाज करी. अंदाज वाईट निघाला की दिवा तांबडा होई, कंकण थरथरे आणि बारीक आवाजात वाजू लागे. मग माणसाने हातातले काम टाकून सावलीत बसावे असा दंडक होता. पारा सत्तेचाळीस अंशांवर जाणे ही बातमी राहिली नव्हती अशा त्या काळात या कंकणाने पुष्कळ प्राण वाचवले होते. हे त्याच्या टीकाकारांनाही मान्य होते.

प्रमोद चिंतलवार हे त्या टीकाकारांपैकी एक. त्यांचा आक्षेप कंकणावर नव्हता. कंकणाच्या आतले नियम कोणत्याही माणसाने लिहिले नव्हते, यावर होता. पुण्यात पंचवीस वर्षे ते आज्ञावल्या लिहीत होते. यंत्राने ओळीमागून ओळ काय करायचे ते सांगणारे लिखाण म्हणजे आज्ञावली, आणि ते लिखाण नीटनेटके असावे याबद्दल चिंतलवारांचा कटाक्ष असा होता की सहकारी त्यांना भीत. पुढे तो व्यवसायच संपला. आपल्याला काय हवे ते लोक साध्या बोलीत सांगू लागले, एक यंत्र त्याची आज्ञावली रचू लागले, आणि रचलेले बरोबर आहे की नाही हे ‘परीक्षक’ नावाचे दुसरे यंत्र तपासू लागले. या दोहोंच्या मध्ये वाचणारा माणूस उरला नाही. चिंतलवार सिंदेवाहीस परतले आणि नर्गिस पठाण या निवृत्त परिचारिकेला सोबत घेऊन त्यांनी या गोदामात मुलांचे मंडळ सुरू केले. फी नव्हती, प्रवेशपरीक्षा नव्हती, शेवटी प्रमाणपत्रही नव्हते. त्यांनी त्याचे नाव ‘आज्ञावली मंडळ’ ठेवले होते. मुले त्याला ‘क्लब’ म्हणत. हा वाद चिंतलवार पहिल्याच महिन्यात हरले होते.

यंत्र करते ते मुलांना कशाला शिकवता, असे विचारणारे रोज भेटत. चिंतलवार त्यांच्याशी तावातावाने भांडत. ज्या नियमांनी आपले उठणे-बसणे ठरते, ते वाचता येणारी चार माणसे तरी गावात असली पाहिजेत, असे त्यांचे म्हणणे होते. आणि वाचता यायचे तर आधी लिहिता आले पाहिजे, हे त्याचे उत्तरांग होते.

मंडळाचा एक नियम मात्र त्यांनी कोणाशीही वाद न घालता घातला होता. शिकवणाऱ्याने शिकणाऱ्याच्या कळफलकाला हात लावायचा नाही. चूक दिसली तर प्रश्न विचारायचा, फार तर बोट दाखवायचे. ओळ मात्र जिची तिने वा ज्याची त्यानेच बदलायची. दुसऱ्याच्या हाताने दुरुस्त झालेली ओळ मुलाच्या डोक्यात कधी शिरत नाही, हे त्यांनी अनुभवाने ओळखले होते. स्वतःच्या बोटांवर त्यांचा भरवसा नसल्यामुळे ते मुलांच्या मधून फिरताना दोन्ही हात पाठीमागे घट्ट गुंफून ठेवीत.

“सर आले, पाह्य,” ओम वाढई शेजारच्याला म्हणे, “सोताले बेड्या घालून.”

ओम चौदा वर्षांचा होता आणि त्याच्या जिभेला बेडी नव्हती.

त्या रविवारी झरना पेंदाम हिने आपला बेत मांडला. ती पंधरा वर्षांची, पळसबोडी गावची. नऊ किलोमीटर सायकल मारून येई. फार बोलत नसे. त्या वर्षापासून जिल्ह्यातील नोंदणीकृत मंडळांना कंकणाच्या नियमांत आपापल्या भागापुरती भर घालण्याची परवानगी मिळाली होती, आणि झरनाला विड्यांसाठी तेंदूपाने तोडणाऱ्या बायांसाठी ती घालायची होती. उन्हाळ्यात तिच्या गावच्या बाया पहाटे चारला रानात शिरत, दहापर्यंत पाने खुडत आणि दुपारी घरी बसून सत्तर-सत्तर पानांचे पुडे बांधत. राज्याचा सर्वसाधारण नियम त्यांना निरुपयोगी ठरला होता. टेकडी चढताना नाडी जलद होणारच. कंकण तेवढ्यावरून वाजे, आणि वाघाच्या रानात एकटीने मागे बसून राहायला कोणीच तयार नसे. म्हणून बायांनी कंकणे काढून तांदळाच्या डब्यात टाकली होती. चढणीची नाडी कोणती आणि धोक्याची कोणती, हे कंकणाला शिकवता येईल, असे झरनाचे म्हणणे होते.

तिने सहा रविवार खपून अठ्ठावन्न ओळी लिहिल्या. चिंतलवारांनी मुलांसाठी निवडलेली भाषा ‘जर’, ‘तर’, ‘तोवर’ अशा मराठी शब्दांची होती, त्यामुळे लिहिलेले कोणालाही वाचता येई. बाया कोणत्या वाटेने जातात, कुठे चढण आहे, थोरल्या वयाच्या बाईची नाडी किती असली म्हणजे भ्यायचे, हे सारे तिने गावात फिरून गोळा केले होते. शरीरशास्त्रापुरते ती नर्गिसबाईंना विचारी. आकडे मात्र तिला मोठी माय देई. मोठी माय म्हणजे तिची थोरली चुलती, सायत्राबाई. झरनाची आई शेवंताबाई बाळंतपणानंतर वर्षभर अंथरुणाला खिळली होती, तेव्हा झरना तिच्याच कडेवर वाढली. पळसबोडीत कंकण डब्यातून काढून पुन्हा मनगटाला चढवणारी पहिली बाई तीच. पोरीने लिहिले आहे, म्हणजे आता ते खरे बोलेल, असे तिने चार बायांना सांगितले; चारांच्या चौऱ्याऐंशी झाल्या.

मंडळात आणखी एक रीत होती. कोणाचीही आज्ञावली बाहेर जाण्यापूर्वी दुसऱ्याने ती सर्वांसमोर मोठ्याने वाचायची. एप्रिलच्या बारा तारखेला झरनाची आज्ञावली ओमने वाचली. पोथी वाचावी तसा तो हेल काढून वाचत होता, आणि एक्केचाळिसाव्या ओळीवर थांबला. त्या ओळी अशा होत्या:

जर त्वचा-ताप एका मिनिटात तीन अंशांहून अधिक उतरला,
आणि पुढील पाच मिनिटांत नाडी उतरली नाही,
तर त्वचा-ताप विचारात घेऊ नये;
केवळ नाडी पाहावी.

ओमने डोके खाजवले. बारावी ओळ म्हणते की त्वचा थंड झाली म्हणजे धोका टळला, आणि ही म्हणते त्वचेकडे बघूच नका. मग कंकणाने ऐकायचे कोणाचे, असे त्याने विचारले.

“बाया मनगटाले फडका गुंडाळतेत,” झरना म्हणाली. “काटे लागतेत म्हून. ऊन चढलं का तोच ओला करतेत. आंग एका मिनटात थंड नाही होत. फडका होते.”

नर्गिसबाईंनी मान डोलावली. ओल्या फडक्याखाली कंकणाला गारवा लागेल आणि आतून बाई भाजत असेल, हे त्यांच्या लगेच लक्षात आले. चिंतलवारांच्या लक्षात दुसरे काही आले. एवढी महत्त्वाची ओळ, आणि तिच्याशेजारी कारण सांगणारी टीप नाही.

“सगळ्याईले माईत आहे ते कायले लिवाचं, सर?” झरनाने विचारले.

त्यावर ते दहा मिनिटे बोलले. आज ज्याला ठाऊक आहे त्याच्यासाठी आज्ञावली लिहायची नसते. उद्या जो येईल आणि ज्याला काहीच ठाऊक नसेल, त्याच्यासाठी लिहायची असते. टिपेवाचूनची ओळ म्हणजे पत्त्यावाचूनचे पत्र. मुलांनी ऐकून घेतले. टीप लिहीन असे झरनाने कबूल केले. पुढच्या रविवारी ती आली नाही, आणि त्याच्या पुढच्याही. पानांचा हंगाम लागला होता आणि त्या पंधरवड्यात घरातले प्रत्येक माणूस रानात असे.

हंगामासाठी स्थानिक नियम सादर करण्याची मुदत तीस एप्रिलच्या सायंकाळी पाच वाजता संपत होती. त्या दिवशी चारच्या सुमारास चिंतलवार गोदामात एकटे बसून आज्ञावली परीक्षकाकडे धाडत होते. परीक्षकाने ती परत पाठवली. ओळ क्रमांक एक्केचाळीस ते चव्वेचाळीस या ओळ क्रमांक बाराशी विसंगत आहेत, असे त्याने कळवले होते. शिवाय त्याच्यापाशी असलेल्या अठ्ठ्याऐंशी हजार नोंदींवर त्याने दोन्ही प्रकारांनी पडताळा घेतला होता, आणि या चार ओळी वगळल्या असता एकाही नोंदीचा निकाल बदलत नव्हता.

त्यांनी झरनाला तीनदा फोन लावला. रानात फोन लागत नसे. नर्गिसबाई त्या दिवशी नागभीडला एका शिबिरात होत्या. त्यांचाही लागला नाही. चिंतलवार पुन्हा त्या चार ओळींकडे पाहत बसले. येथे काहीतरी कारण सांगितले गेले होते, हे त्यांना आठवत होते. कोणते, ते आठवत नव्हते. टिपेविषयीचे स्वतःचे भाषण मात्र शब्दशः आठवत होते. ज्या ओळीला कारण असते तिला टीप असते. या ओळींना टीप नाही. म्हणजे मुलीच्या अजून कच्च्या हाताने राहून गेलेला हा जुना तुकडा असावा. असा विचार त्यांनी केला, आणि तो विचार त्यांना सुसंगत वाटला. अठ्ठ्याऐंशी हजार नोंदी रस्त्यावरच्या, कारखान्यांतल्या, चौकातल्या पोलिसांच्या आहेत आणि त्यांत मनगटाला ओला फडका बांधणारी एकही बाई नाही; पण या नोंदी कोणाच्या, हा प्रश्न त्यांनी परीक्षकाला विचारला नाही. इतर कोणत्याही दिवशी त्यांनी तो नक्की विचारला असता.

मुदत चुकली असती तर पळसबोडीच्या बायांना त्या हंगामात काहीच मिळाले नसते. मुलांनी हाताने लिहिलेला नियम जिल्ह्यात प्रथमच कंकणांवर जाणार होता. ते राहून गेले असते. ही दोन्ही कारणे खरी होती. त्यांतले कोणते कारण अधिक वजनाचे ठरले, याचा शोध चिंतलवारांनी पुढे कधी लावला नाही. चार वाजून चाळीस मिनिटांनी त्यांनी पाठीमागचे हात सोडले आणि चार ओळी पुसल्या. परीक्षकाने ‘निर्दोष’ असा शेरा दिला. दुसऱ्या दिवशी सकाळी नियम चौऱ्याऐंशी कंकणांवर पोहोचला. झरना परत आली की तिला सांगायचे, असे त्यांनी ठरवले होते.

चौदा मे रोजी, सकाळी नऊ वाजून अडतीस मिनिटांनी, सायत्राबाई तेंदूच्या झाडाखाली कोसळल्या. त्यांच्याबरोबरच्या बायांनी नंतर जे सांगितले त्यावरून क्रम असा लागला. पावणेनऊच्या पुढे ऊन भाजू लागले तेव्हा सगळ्यांनीच फडकी ओली केली. नऊनंतर सायत्राबाईंना गरगरू लागले. शेवंताबाई त्यांना बसा म्हणाल्या. त्यांनी मनगट वर करून दाखवले. फडक्याच्या कडेतून हिरवा दिवा दिसत होता. कंकण बोलत नाही, म्हणजे अजून आंगात दम आहे, असे म्हणून त्या पुढच्या झाडाकडे गेल्या. बैलगाडीतून रस्त्यापर्यंत आणेतो त्या गेल्या होत्या.

चिंतलवारांना ही बातमी ओमने फोनवरून सांगितली. ओम तिकडून बोलत राहिला. चिंतलवारांनी मध्येच एकच गोष्ट विचारली: फडका ओला होता का? आणि उत्तर येण्यापूर्वीच बारा एप्रिलचे, आपण ऐकूनही न ऐकलेले ते वाक्य त्यांना पुरते आठवले.

ते दुसऱ्या दिवशी पळसबोडीला भेटीला गेले. अंगणात बाया बसल्या होत्या. त्यांतल्या एकीने, त्यांना ऐकू जाईल अशा बेताने, पोरीच्या शहाणपणाने बाई गेली असे म्हटले. कोणी तिला गप्प केले नाही. झरना आत भिंतीशी बसली होती आणि तिच्या मांडीवर ती वही होती, जिच्यात तिने आज्ञावली आधी हाताने उतरवली होती. ती रडत नव्हती. त्यांना पाहून ती उठली आणि वही त्यांच्यापुढे धरली.

“सर, पाच मिनटं जास्त झाले का?” तिने विचारले. “मी दोन टाकाले पायजे होते. दोन टाकले असते तं वाजलं असतं न?”

पानावर तीच चार ओळींची जागा होती. पाच खोडून दोन केले होते, दोन खोडून तीन. समासात सायत्राबाईंच्या नाडीचे अंदाजाने धरलेले आकडे उभे मांडले होते. जिल्हा कार्यालयातून कंकणाच्या खऱ्या नोंदी आल्या नव्हत्या, तोवर ती मनाने हिशेब करीत होती. जे कंकणात नव्हतेच, त्यातली चूक ती शोधत होती.

सांगण्याची ती वेळ होती. चिंतलवारांनी तोंड उघडले आणि म्हणाले, “आत्ता तो विचार नको, बेटा.” घरात सुतक, बाहेर बाया, मुलीची ही अवस्था, आज सांगणे क्रूरपणाचे होईल, असे त्यांनी परतीच्या वाटेवर स्वतःला पटवले. वादात ते पटाईत होते.

आठवडाभरात दोन गोष्टी घडल्या. परीक्षकाचा अहवाल आला: स्थानिक नियम निर्दोष, मृत्यू नियमाच्या कक्षेबाहेरचा. झरनाने तो वाचला आणि यंत्रालाही न दिसणारी चूक आपण केली आहे, असा त्याचा अर्थ लावला. आणि पळसबोडीच्या बायांनी चौऱ्याऐंशी कंकणे पानांच्या पोत्यात भरून ग्रामपंचायतीच्या पायरीवर आणून ठेवली. हंगामाचा उत्तरार्ध बाकी होता; त्या पहाटे पुन्हा रानात जात होत्या, आता उघड्या मनगटांनी. तीन बाया चक्कर येऊन पडल्या. सुदैवाने तिघीही उठल्या.

चोवीस मेच्या रविवारी गोदामात सातच मुले आली. झरना येत नाही, शाळेचे पुढचे वर्षही ती सोडणार म्हणते, असे ओमने सांगितले. तेव्हा नर्गिसबाईंनी सुचवले की पुढच्या रविवारी कंकणावर गेलेला नियम आपण सगळ्यांनी मिळून मोठ्याने वाचू; चूक असेल तर सापडेल, नसेल तर पोरीला तसे सांगता येईल. मुलांना ते पटले.

त्याच दुपारी चिंतलवार नर्गिसबाईंच्या घरी गेले आणि त्यांनी सर्व सांगितले. वाचनाचा बेत ठरला नसता तरी आपण सांगितलेच असते, असे ते स्वतःशी म्हणत होते. ते खरे की खोटे हे तपासण्याचा मार्ग आता उरला नव्हता. नर्गिसबाईंनी आवाज चढवला नाही. परीक्षकाला फडका ठाऊक नव्हता, त्याला दोष देऊन काय होणार, एवढेच त्या म्हणाल्या.

“तुम्हाला ठाऊक होता, सर. तुमच्यासमोर ती बोलली होती.” मग त्यांनी विचारले, “हे कळून किती दिवस झाले?”

“दहा.”

“उठा मग. आत्ताच जाऊ.”

ते उठले नाहीत. त्यांना सर्व नीट लिहून न्यायचे होते. कोणती गोष्ट कोणत्या क्रमाने घडली, कोणत्या शब्दाने कोणावर अन्याय होईल, कोणती बाब क्षमा मागण्यासारखी आणि कोणती केवळ खुलाशाची, हे ठरवल्यावाचून जाणे त्यांना बेजबाबदारपणाचे वाटत होते. त्या निवेदनाचे त्यांनी चार खर्डे केले. त्यात आणखी एक आठवडा गेला. नर्गिसबाईंनी त्यांना रोज एकदा फोन केला आणि दर वेळी एवढेच विचारले, झाले का?

एकतीस मेच्या सकाळी सात वाजता पळसबोडीच्या समाजमंदिरात बाया जमल्या. झरना आईशेजारी बसली होती. नर्गिसबाई होत्या, ओम आणि क्लबची इतर मुले होती. चिंतलवारांनी चष्मा पुसला आणि निवेदन वाचायला सुरुवात केली. पहिले पान संपेपर्यंत नियमसंहितेच्या सादरीकरणाची पार्श्वभूमीच चालली होती. बाया एकमेकींकडे पाहू लागल्या.

“सर,” शेवंताबाई म्हणाल्या, “साधं सांगा जी. काय केलं तुमी?”

त्यांनी कागद खाली ठेवले. हात कुठे ठेवावेत हे त्यांना काही क्षण सुचले नाही.

“झरनानं फडक्यासाठी चार ओळी लिहिल्या होत्या. त्या बरोबर होत्या. मी त्या पुसल्या.”

झरनाने मान वर केली नाही. मग तिने ओमकडे हात केला आणि त्याने क्लबचा संगणक तिच्यापुढे सरकवला. तिने वही उघडली, तेच खोडाखोडीचे पान काढले आणि चार ओळी पुन्हा त्यांच्या जागी टाकल्या. पाच मिनिटांचे पाचच ठेवले. सायत्राबाईंच्या कंकणाच्या नोंदी आता कार्यालयाकडून आलेल्या होत्या. त्या तिने आज्ञावलीपुढे सोडल्या. पडद्यावर चौदा मेची सकाळ मिनिटामिनिटाने पुढे सरकू लागली आणि ओम वाचू लागला. या वेळी त्याच्या वाचण्यात हेल नव्हता. आठ पन्नास, त्वचा सदतीस अंश. आठ एक्कावन्न, त्वचा बत्तीस. फडका ओला झाला. नाडी एकशे सव्वीस. आठ छप्पन्न, नाडी एकशे एकतीस. नऊ. नऊ चार. नऊ वाजून सहा मिनिटांवर पडदा तांबडा झाला आणि संगणकातून तो बारीक आवाज येऊ लागला. झरनाने तो बंद केला नाही. तो वाजत राहिला, आणि बायांपैकी एकीने पदर तोंडाला लावला. तीच, जी अंगणात बोलली होती.

“बत्तीस मिनटं,” ओम म्हणाला. “बत्तीस मिनटं आधी वाजलं असतं.”

त्याने वळून चिंतलवारांकडे पाहिले. त्याच्या चेहऱ्यावर थट्टा नव्हती. तो खरोखरच विचारीत होता.

“सर, ही एक गोष्ट. पन यंत्र जे नियम लिवते, त्याच्यातून अशा किती ओळी गेल्या असतीन? त्या पुसल्या म्हून सांगाले कोन येईन?”

चिंतलवारांनी आयुष्यभर हाच प्रश्न दुसऱ्यांना विचारला होता. ते परीक्षकाच्या नोंदींबद्दल काही सांगू लागले, मुदतीबद्दल, लागत नसलेल्या फोनबद्दल; आणि आपले शब्द एकापुढे एक किती नीट येत आहेत हे ऐकून मध्येच थांबले. नर्गिसबाई खिडकीबाहेर पाहत होत्या. शेवंताबाईंनी ग्रामपंचायतीच्या पायरीवरचे कंकणांचे पोते इकडे आणायला सांगितले. दोन बाया उठल्या.

झरनाने आवाज बंद केला. तिने वही मिटली, उभी राहिली, आणि इतक्या दिवसांत प्रथमच त्यांच्याकडे सरळ पाहिले.

“तुमी हात लावला, ते मी समजू शकते, सर. टीप मीच लिवली नव्हती. पन सतरा दिवस मी पाच मिनटाचे दोन मिनटं करत बसली होती, आन् तुमाले माईत होतं. क्लब आमी चालवू. तुमी येऊ नका.”